गाठ कॅन्सरची नाही, तरी बैठक कशासाठी?

रिपोर्टवर 'बिनाइन' दिसलं की घरच्यांच्या जिवात जीव येतो. मराठीत त्याला आपण 'सौम्य' म्हणतो. पण स्वादुपिंडाचा भाग सडून माणूस महिनाभर आयसीयूत पडलेला असतो, तेव्हा त्या आजाराला सौम्य म्हणणं ही थट्टाच वाटते. तरीही वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एका टेबलाशी बसून निर्णय घ्यायची पद्धत या आजारांपर्यंत उशिरा पोहोचली. आधी ती कॅन्सरच्या वाट्याला आली.

१९९५ साली इंग्लंड आणि वेल्सचे तेव्हाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी केनेथ कॅलमन आणि डियर्ड्री हाइन यांनी कॅन्सर सेवेबद्दल अहवाल दिला. पेशंट कुठे राहतो यावर उपचारांचा दर्जा ठरू नये, हा त्याचा गाभा. त्यानंतर तिथे कॅन्सरच्या पेशंटची आठवड्याच्या बैठकीत चर्चा होणं नेहमीचं झालं. मुदती, हिशेब, समन्वयक सगळं कॅन्सरसाठी उभं राहिलं. पित्ताच्या खड्यांमुळे सुजलेलं स्वादुपिंड मात्र ज्या युनिटच्या ड्युटीला आलं, त्याच युनिटचं राहिलं.

याची किंमत काय, हे स्वादुपिंडाच्या इतिहासातच दिसतं. पूर्वी सर्जन लवकर पोट उघडून सडका भाग काढायचे. १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या एका चाचणीत लवकर ऑपरेशन झालेल्यांपैकी ५६ टक्के दगावले, थांबून ऑपरेशन केलेल्यांपैकी २७ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. मग 'थांबा' हेच उपचाराचं सूत्र झालं. साधारण चार आठवड्यांत सडक्या भागाभोवती भिंत तयार होते, आणि तोवर धीर धरायचा.

२०१० साली डच डॉक्टरांनी ८८ पेशंटवर केलेली 'पँटर' चाचणी आली. आधी सडक्या भागाच्या पोकळीत कातडीतून किंवा दुर्बिणीतून नळी घालून पू काढायचा, भागलं नाही तरच पुढची, तीही कमीत कमी चिरफाडीची, शस्त्रक्रिया. थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू आला. पायरी-पायरीने गेलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के लोकांचं नुसत्या नळीवर भागलं.

आता ही नळी घालणार कोण? सीटीवर डाव्या कुशीतून पोकळीपर्यंत वाट दिसत असेल तर रेडिओलॉजिस्ट. पोकळी जठराला चिकटली असेल तर एंडोस्कोपीवाला गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट. आणि दोघांचंही भागलं नाही तर सर्जन. तारीख कोणती, वाट कोणती, हे तिघांनी एकच सीटी समोर ठेवून ठरवावं लागतं. बैठकीची गरज माझ्या मते इथून आली. कॅन्सरची नक्कल म्हणून नव्हे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या स्वादुपिंडाच्या सुजेवरील उपचारांच्या राष्ट्रीय तपासणीनेही म्हटलं, की पेशंट कुठल्याही हॉस्पिटलात आला तरी तज्ज्ञ उपचार त्याच्यापर्यंत पोहोचतील असं जाळं हवं.

आपल्याकडेही एक धागा आहे. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. पुढे हे ऑपरेशन सगळीकडे पोहोचलं, आणि क्वचित पित्तनलिकेला होणाऱ्या इजेचा प्रश्नही. ती दुरुस्त करायची की स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घालून थांबायचं, हेही एकट्याने ठरवायचं काम नाही.

यकृताची गोष्ट निवांत आहे. २०१६ मध्ये युरोपच्या यकृत संघटनेने सौम्य गाठींसाठी स्वतंत्र पथकच सुचवलं: यकृततज्ज्ञ, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट. सोनोग्राफीत सहज सापडलेला हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, बहुधा तसाच सोडतात. अडेनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींची गाठ, पुरुषाला असेल तर काढायचा, मोठा असो वा लहान. बाईला असेल तर आधी गर्भनिरोधक गोळ्या बंद, वजन कमी, आणि सहा महिने वाट. गाठ तरीही पाच सेंटिमीटरच्या वर राहिली किंवा वाढली, तर ऑपरेशनचा विचार.

सहा महिन्यांनी नवा एमआरआय येतो आणि तेच नाव पुन्हा बैठकीच्या यादीत लागतं.