खाच जुळली, तरी ओळख पटेना

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचा डेस्कटॉप २०१० सालचा. भिशीचा हिशेब आणि नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढाच त्याचा उपयोग; पण तेवढ्यालाही तो धापा टाकायला लागला, म्हणून त्यांनी ४ जीबीची रॅम आणली. पट्टी स्लॉटमध्ये नीट बसली, क्लिपा टक्कन लागल्या. बटण दाबलं, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच राहिली. "खराबच रॅम दिली रे त्यानं," काका हळहळले. मी ती माझ्या मशीनमध्ये लावून पाहिली. उत्तम चालली!

पट्टीच्या कडेवरची खाच फक्त रॅमची पिढी सांगते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या अशाच दोन पिढ्या, दोघींच्याही पिना २४०. पण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५, म्हणून खाचेची जागा वेगळी ठेवली आहे. डीडीआर४ च्या पिना २८८. खाच जुळली की पिढी जुळली, इतकंच. खरी गोम पट्टीवरच्या चिपांमध्ये असते.

चिपेतला एकेक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर. रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं. हे बिट ओळी आणि स्तंभांत मांडलेले असतात, आणि हवा तो बिट गाठायला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, आधी ओळीचा नंबर पुकारतो, मग स्तंभाचा. नंबर पुकारायच्या तारा मोजक्याच. डीडीआर३ मध्ये आठ-आठ बिट देणाऱ्या २ गिगाबिटच्या चिपेला ओळीसाठी १५ तारा लागतात, म्हणजे ३२,७६८ ओळी. तशाच ४ गिगाबिटच्या चिपेला १६ लागतात. काकांच्या मदरबोर्डाला ती सोळावी तार ठाऊकच नव्हती.

आता पट्टीवरचं लेबल वाचा. त्यातला 'आर' म्हणजे रँक, चिपांचा गट, आणि '×८' म्हणजे आठ-आठ बिट देणाऱ्या चिपा. '२आर×८' असेल, तर त्या ४ जीबीच्या पट्टीवर २ गिगाबिटच्या १६ चिपा असतात (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). '१आर×८' असेल तर ४ गिगाबिटच्या आठच. दोन्ही ४ जीबीच, पण जुन्या बोर्डाला पहिलीच कळते. मला विचाराल तर जुन्या मशीनसाठी रॅम घेताना किमतीआधी चिपा मोजाव्यात.

लेबलावर पुढे 'पीसी३-१२८००यू' असं काहीसं असतं. सेकंदाला १६०० दशलक्ष फेऱ्या, प्रत्येकीत ८ बाइट, म्हणून १२८०० दशलक्ष बाइट. बोर्ड १३३३ चा असेल तर ही पट्टी मुकाट्यानं १३३३ वर चालते, त्याची काळजी नको. शेवटचं अक्षर मात्र बघाच: 'यू' साध्या डेस्कटॉपची, 'आर' सर्व्हरची. सर्व्हरची जुनी रॅम स्वस्तात मिळते आणि घरच्या बोर्डावर चालत नाही.

बोर्डाची एकूण मर्यादाही असते. ती बोर्डावरच्या मुख्य चिपेवर, म्हणजे चिपसेटवर ठरते: जी४१ चिपसेटला ८ जीबी, एच६१ ला १६. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर रॅम घालून उपयोग नाही. त्यातलीही साधारण सव्वातीनच हाती लागते.

काकांनी पट्टी बदलून आणली. या वेळी दुकानातच चष्मा लावून चिपा मोजल्या: पुढे आठ, मागे आठ. जुन्या २ जीबीच्या पट्टीचे सोनेरी संपर्क मी खोडरबरानं पुसले, दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि बटण त्यांनाच दाबायला लावलं. स्क्रीनवर ६१४४ एमबी, म्हणजे ६ जीबीचा आकडा आला.