हॉलमध्ये रेकॉर्ड, आतल्या खोलीत बघा : आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

दुकानात हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच. हॉलमधल्या बॉक्सवर नाटक रेकॉर्ड करून ठेवलंय, पण हॉलमध्ये पोरं क्रिकेट लावून बसलीत, तर तेच नाटक आत आईच्या खोलीतल्या टीव्हीवर लावता येईल का? येतं. पण सगळ्यांकडे येत नाही, आणि कोणाकडे का येत नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरी येऊन बॉक्स उलटापालटा करून मग 'नाही होत' म्हटल्यावर तुम्ही आमच्यावर रागवायला नको.

आधी तुमचा बॉक्स कुठला ते बघा

डीटीएच कंपनीने दिलेला रेकॉर्डर असेल, म्हणजे महिन्याला रिचार्ज करता तो, तर त्यातलं रेकॉर्डिंग कुलूप लावूनच डिस्कवर पडतं आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बॉक्सात आणि त्याच्याच कार्डात असते. आपल्याकडे टाटा स्काय प्लस २००८ मध्ये आला तेव्हापासून सगळ्या कंपन्यांचं साधारण हेच चाललंय. बॉक्सच्या मागे लॅन पोर्ट दिसतोय म्हणून आतल्या खोलीतल्या बॉक्सला वायर जोडली की रेकॉर्डिंग तिथे दिसेल असं खूप जणांना वाटतं, पण तो पोर्ट इंटरनेटच्या कामाला असतो, शेजारच्या बॉक्सशी बोलायला नाही. यूएसबी हार्डडिस्क लावून रेकॉर्ड करणारे बॉक्सही तसेच. डिस्क काढून दुसऱ्या बॉक्सला लावली की तो विचारतो, फॉर्मॅट करू? आणि घाईत 'हो' दाबलं की संपलं. असं 'हो' दाबलेली माणसं डिस्क पिशवीत घालून आमच्याकडे येतात. आमच्याकडेही त्याला औषध नाही हो.

मग कोणीतरी सांगतं, माझा मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो, त्याच्याकडे खाली हॉलमध्ये मोठा बॉक्स आणि वर बेडरूममध्ये छोटा, आणि खालचं रेकॉर्डिंग वर दिसतं. बरोबर आहे. तिकडे २०१६ ला स्काय क्यू आला तो असाच बनवलाय, एक मुख्य बॉक्स आणि बाकी छोटे त्याच्याकडून मागून घेणारे. अमेरिकेत डिश कंपनीने २०१२ मध्ये हॉपर आणि जोई नावाची जोडी काढली ती पण तशीच. पण तिथे कुलूप आणि किल्ल्या दोन्ही कंपनीनेच सगळ्या बॉक्सांत वाटलेल्या असतात. बाहेरून कोणी, म्हणजे आम्ही, वायर टाकून ते करू शकत नाही, आणि मुलाने तिकडून बॉक्स पाठवला तरी इथे त्याचा उपयोग दरवाजा अडवायलाच.

डीटीएच रेकॉर्डरवाल्यांसाठी एक सरळ उपाय आहे तो म्हणजे एचडीएमआय एक्स्टेंडर. बॉक्सच्या एचडीएमआयमधून एक छोटी डबी, तिथून कॅट-सिक्स नावाची नेटवर्कची केबल आतल्या खोलीपर्यंत, तिथे दुसरी डबी आणि टीव्ही. रिमोटचा इशारा पण त्याच केबलने परत येतो, म्हणजे आतून बटण दाबलं की हॉलमधला बॉक्स ऐकतो. पण नीट समजून घ्या, दोन्ही टीव्हींवर एकच चित्र येणार. आईने आत नाटक लावलं की हॉलमध्ये पण नाटकच, मग हॉलवाल्यांना दुसरा बॉक्स पाहिजे. यावरून भांडणं झालेली आम्ही स्वतः बघितलीत, म्हणून काम घ्यायच्या आधीच विचारतो की रिमोट कोणाच्या हातात असणार.

उघड्या रिसीव्हरवर मात्र मजा आहे

डीडी फ्री डिशचे जे चॅनल कुलपाशिवाय येतात, म्हणजे सह्याद्री वगैरे, ते तुमच्या स्वतःच्या रिसीव्हरवर घेतले तर रेकॉर्डिंग साध्या फाइलसारखं डिस्कवर पडतं आणि फाइल म्हटली की ती घरातल्या कुठल्याही खोलीत नेता येते. ह्यासाठी आम्ही दोन प्रकार बसवतो. एक, एनिग्मा-टू नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर, त्यालाच हार्डडिस्क. दुसरा, छोटा कॉम्प्युटर आणि टीव्ही ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, त्यात टीव्हीहेडएंड नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. दोन्हीत आतल्या खोलीतला टीव्ही किंवा अँड्रॉइड डबी नेटवर्कवरून ती फाइल मागते, कोडी नाहीतर व्हीएलसी अ‍ॅप लावलं की यादी समोर येते, नाटक निवडायचं आणि ओके. त्याच वेळी हॉलमध्ये दुसरं काही चालू राहतं, तिसऱ्या खोलीत तिसरं.

एका ट्यूनरवर एकाच वेळी दोन चॅनल रेकॉर्ड होतात का, हे पण सगळे विचारतात. दोन्ही चॅनल एकाच ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहावरून बरेच चॅनल एकत्र आणणाऱ्या एकाच वाटेवर, असतील तर होतात, कारण तो अख्खा ट्रान्सपाँडर एकदमच खाली येतो. नसतील तर दुसरा ट्यूनर पाहिजे, आणि जुन्या साध्या रिसीव्हरला त्यासाठी डिशवरून दुसरी केबल.

जागा किती लागते ते सांगतो. एचडी चॅनल सेकंदाला ८ मेगाबिटच्या आसपास येतो असं धरलं तर तासाला साडेतीन जीबीच्या वर जातात, साध्या चॅनलला त्याच्या निम्म्याने. म्हणजे १ टीबी डिस्कवर एचडीचे अडीचशे तास तरी आरामात. पण डिस्क कशी फॉर्मॅट केलीय ते महत्त्वाचं. एका गिऱ्हाइकाने घरातली जुनी डिस्क दिली, फॅट-थर्टीटू या जुन्या पद्धतीने फॉर्मॅट केलेली होती, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून अडीच तासांच्या नाटकाचे सत्तर सत्तर मिनिटांचे तुकडे पडले आणि मधला तुकडा यादीत सगळ्यात खाली जाऊन बसला. आधी शेवट, मग मध्य. आता आम्ही सरळ ईएक्सटी-फोर पद्धतीने फॉर्मॅट करून देतो, फक्त मग ती डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर तो ओळखत नाही, तेव्हा घाबरू नका आणि तिथेही फॉर्मॅटला 'हो' म्हणू नका. एनिग्मा-टूवर अजून एक, रेकॉर्डिंगच्या .टीएस फाइलच्या शेजारी त्याच नावाच्या चार-पाच बारक्या फाइली असतात, कचरा समजून उडवू नका, कार्यक्रमाचं नाव, तारीख, खुणा सगळं त्यातच असतं.

चिऱ्याची भिंत आणि वाय-फाय

आता खरं दुखणं. डिचोलीकडे एक जुनं घर, मध्ये राजांगण, एका बाजूला हॉल, पलीकडे देवखोली आणि तिच्या मागे आजीची खोली. यजमान म्हणाले वायर नको, भिंतीला पट्ट्या मारलेल्या बऱ्या दिसत नाहीत, वाय-फायवर करा. केलं. आजीच्या खोलीत फोनवर दोन दांड्या दिसत होत्या, यूट्यूब चालत होतं. कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं, वीस सेकंद झकास, मग बुवांचा हात वर गेला तो तिथेच. आजी वाट बघतायत. परत पाच सेकंद चाललं, परत हात वर. आजी म्हणाल्या, "ह्या बुवांना झालंय काय?"

बुवांना काही झालं नव्हतं. यूट्यूबला रस्ता अरुंद मिळाला की तो चित्र हलकं करून पाठवतो, तुम्हाला कळत पण नाही. रेकॉर्डिंगचं तसं नाही, ते उपग्रहावरून जेवढं आलं तेवढंच जसंच्या तसं जाणार, सेकंदाला ८ म्हणजे ८, आणि दीड हात जाड चिऱ्याच्या दोन-तीन भिंती मध्ये आल्या की तेवढं सुद्धा सलग पोचत नाही. पाच गीगाहर्ट्झवर टाका म्हणाल तर ते भिंतीतून त्याहून कमी जातं. शेवटी माळ्यावरून वाशाच्या कडेकडेने पाइपातून कॅट-सिक्स नेली, दिसत पण नाही कुठे, आणि बुवा सुरळीत झाले. पाइप कशाला असं विचाराल तर उंदरांसाठी. नळ्यांच्या, म्हणजे कौलारू, घरात उघडी केबल टाकली आणि एका पावसाळ्यात चार ठिकाणी कुरतडलेली मिळाली, ते काम आम्हाला फुकट परत करून द्यावं लागलं.

साध्या १०० मेगाबिटच्या वायरवर तीन खोल्यांत तीन एचडी रेकॉर्डिंग एकदम चालली तरी अर्धा रस्ता मोकळा राहतो. डिस्क पण दमत नाही. दमतं ते वाय-फाय.

डिशची काळी केबल खोलीत आलेलीच आहे, तीच वापरा की, असं पण म्हणतात. तिच्यातून सॅटेलाइटचं सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतं आणि बाजारात सहज मिळणारे मोका अडॅप्टर, म्हणजे अशा केबलमधून नेटवर्क नेणाऱ्या डब्या, बोलतात ११२५ ते १६७५ मध्ये, म्हणजे त्याच रस्त्यावर दुसरी बस उलटी घातल्यासारखं. वापरात नसलेली वेगळी केबल असेल तर मात्र चालतं. विजेच्या वायरिंगमधून नेणारे अडॅप्टर नव्या फ्लॅटमध्ये बरे चालतात, जुन्या घरात, जिथे पुढचा भाग एका फेजवर आणि मागचा दुसऱ्यावर, तिथे आम्ही आता सुचवतच नाही.

दोन राउटरचा घोळ

फोंड्यातल्या एका घरी सगळं जोडलं, वायरी तपासल्या, दिवे लुकलुकत होते आणि आतल्या टीव्हीला रिसीव्हर दिसतच नव्हता. दोन तास गेले, दोनदा चहा झाला. शेवटी आमच्या पोराने टीव्हीतला पत्ता वाचला, १९२.१६८.० ने सुरू होणारा, आणि रिसीव्हरचा १९२.१६८.१ ने. फायबरवाल्याने दिलेला मोडेम स्वतः पत्ते वाटत होता आणि घरच्यांनी आत रेंज यावी म्हणून जुना राउटर त्याला जोडलेला, तो पण वाटत होता. एका घरात दोन वाडे झालेले, मध्ये कुंपण. जुन्या राउटरचं पत्ते वाटणं बंद करून त्याची वायर वॅनच्या, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या, भोकातून काढून लॅनच्या भोकात घातली, पाच मिनिटांचं काम. तेव्हा घरात किती राउटर आहेत ते आम्हाला आधी सांगा, कपाटावर मागे ढकललेला पण धरून.

आणि रिसीव्हरला आम्ही एक पत्ता कायमचा ठरवून देतो, नाहीतर लाइट गेली आली की पत्ता बदलतो आणि आतल्या टीव्हीवरची यादी रिकामी. रिसीव्हर रात्री बंद करायचा तर साधा स्टँडबाय करा, डीप स्टँडबायला टाकला तर तो झोपला, मग आतून कितीही मागा, देणार नाही.

नेट गेलं तर?

काही फरक पडत नाही. पावसात झाड पडून फायबर तुटली तरी घरातल्या घरात रेकॉर्डिंग चालतं, फक्त राउटरला लाइट पाहिजे. इन्व्हर्टर असला तरी लाइट जाता-येताना राउटर क्षणभर बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून घ्या, आणि रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर रेकॉर्डिंग अर्ध्यावर तुटतं.

जोराच्या पावसात सिग्नल गेलं तर रेकॉर्डिंगमध्ये तेवढं भोक पडणारच, ते नेटवर्कने भरत नाही. जुलैत रोजच भोक पडत असेल तर मात्र डिश बघायला बोलवा. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशावर, म्हणजे गोव्यातून आग्नेयेला आणि साधारण ६१ अंश वर, त्या दिशेला मे महिन्यात नसलेला माडाचा झाप जुलैत आलेला असतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी डिशच्या तोंडासमोरच्या एलएनबीचा कनेक्टर दरवर्षी बदलून घ्यावा, खाऱ्या वाऱ्याने तो हिरवा पडतो.

विजांचं मात्र मनावर घ्या. पूर्वी डिशवरून झटका आला तर एक बॉक्स जायचा. आता वायरीने सगळे जोडलेत म्हटल्यावर तोच झटका राउटर, आतला टीव्ही, सगळीकडे फिरू शकतो. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की रिसीव्हरचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मूळ घरातून आवारातल्या दुसऱ्या घरात न्यायचं असेल तर आम्ही तांब्याची वायर टाकतच नाही, फायबर टाकतो, थोडी महाग पडते.

होमस्टेवाल्यांना एक सांगायचंय. घरगुती कनेक्शनचं रेकॉर्डिंग पाहुण्यांच्या खोल्यांत फिरवायचं काम आम्ही घेत नाही, कितीही ओळख असली तरी. त्यासाठी कंपनीचं व्यावसायिक कनेक्शन वेगळं असतं, ते घ्या, वायरिंग आम्ही करून देऊ.

बोलवायच्या आधी

बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा, सगळी भोकं दिसतील असा, काम होतं का नाही ते त्यावरूनच निम्मं कळतं. राउटर कुठे आहे, माळ्यावर चढायला शिडी आहे का, आणि देवखोलीतून वायर नेलेली चालेल का, हे घरात मोठ्यांना आधी विचारून ठेवा, कारण आम्ही ड्रिल हातात घेतल्यावर आतून 'थांबा' आलं की दिवस जातो. दुकानाचा नंबर मागच्या बाजूला शिक्का मारलाय तो. चवथीच्या आदल्या पंधरा दिवसांत नवीन काम घेत नाही, आमची पोरं पण तेव्हा माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या, सामानाला रानात गेलेली असतात.