फेसबुकच्या रानात पिकलेला धंदा

साताऱ्यात इंजिनिअरिंगला असलेली पोरं हल्ली विचारतात, गेम बनवून पोट भरेल का? भरेल. पण किती वर्षं, हे समजून घ्यायचं तर २००७ पर्यंत मागं जावं लागतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात फेसबुकनं बाहेरच्या प्रोग्रामरना आपल्या साइटवर ॲप चालवायला मुभा दिली. मार्क पिंकस यांची झिंगा कंपनीही त्याच वर्षीची. जून २००९ मध्ये तिचं 'फार्मव्हिल' आलं आणि जगभर लोक स्क्रीनवर शेती करू लागले. त्या खेळात स्ट्रॉबेरी चार तासांत तोडणीला यायची. आपल्या महाबळेश्वर-भिलारकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप लावलं, तर फळ हाती यायला डिसेंबर उजाडतो. त्या चार तासांतच धंद्याची सगळी मेख होती. वेळेत तोडणी केली नाही, तर पीक वाळून जायचं. म्हणून माणूस दिवसातून दोन-तीनदा परत यायचा, मित्रांना शेजारी म्हणून बोलवायचा, त्यांच्याकडं वस्तू मागायचा. हे सगळं मित्रांच्या पानावर दिसायचं, म्हणजे जाहिरात फुकटात. धीर नसलेले मोजके लोक पैसे मोजायचे आणि त्या मोजक्यांवर कंपनी चालायची. २०१० च्या सुरुवातीला दरमहा ८ कोटींहून जास्त लोक फार्मव्हिल खेळत होते.

पण रान फेसबुकचं होतं, झिंगा नुसती वाटेकरी. गेमच्या सूचनांना लोक वैतागले, तेव्हा २०१० मध्ये फेसबुकनं त्या सूचनांना लगाम घातला. जुलै २०११ पासून गेममधल्या खरेदीसाठी फेसबुकचंच चलन सक्तीचं झालं आणि १०० रुपयांतले ३० मालकाकडं जाऊ लागले. गरज दोघांनाही होती. २०११ मध्ये फेसबुकचं १२ टक्के उत्पन्न झिंगामुळं आलं होतं. त्याच डिसेंबरात झिंगाचा शेअर १० डॉलरला बाजारात आला, आणि जुलै २०१२ अखेर तो ३ डॉलरच्या आसपास घसरला. लोक मोबाइलकडं वळले होते, झिंगा मागं राहिली. ज्यावर हे गेम ब्राउझरमध्ये चालायचे ते फ्लॅश सॉफ्टवेअर बंद पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० ला मूळ फार्मव्हिलही मिटलं. तरी २०२२ मध्ये टेक-टू या अमेरिकन गेम कंपनीनं झिंगा सुमारे १२.७ अब्ज डॉलरना घेतली, कारण तोवर ती मोबाइलवर उभी राहिली होती. 'कँडी क्रश'वाल्या किंग कंपनीनं मोबाइलवरची ही उडी २०१२ मध्येच मारली होती, म्हणून तो खेळ आजही हातोहाती दिसतो.

आपल्याकडं २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनं 'लुडो किंग' काढलं. पाटण-जावळीतली कितीतरी माणसं मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामाला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये असा कुणी तिकडं अडकलेला भाऊ व्हॉट्सॲपवर रूमचा कोड पाठवायचा आणि गावाकडं आई-वहिनी सोंगट्या हलवायच्या. नियम कुणाला शिकवावे लागले नाहीत. माझ्या मते हा खेळ टिकला तो यामुळंच: फेसबुकच्या मर्जीवर तो उभा नव्हता, माणसं आणि पट आधीपासून घरातच होते. कमाई मात्र जाहिराती आणि छोट्या खरेदीची; शिवाय ॲप स्टोअरचा वाटा इथंही सुटत नाही.

पैसे लावून खेळायच्या गेमचा झटपट रस्ता ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केला. गावोगावी त्या नादानं झालेली कर्जं पाहता ते बरंच झालं. पैज नसलेल्या सोशल गेमना त्याच कायद्यानं मोकळीक ठेवली आहे; वर्गणी किंवा प्रवेश शुल्कही घेता येतं. साताऱ्यातल्या पोरांना धंदा उभा करायचा आहे तो या हद्दीत.