ध्रुवीय प्रदेशांचे दूरसंवेदन

आर्क्टिक आणि अंटार्क्टिक प्रदेशांतील बर्फ, समुद्र, हवामान आणि जीवसृष्टी यांचा उपग्रहांवरील व विमानांवरील उपकरणांच्या साहाय्याने दुरून केलेला अभ्यास. अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १.४ कोटी चौ. किमी. आहे आणि हिवाळ्यात त्याभोवतीचा समुद्र त्याहूनही मोठ्या क्षेत्रावर गोठतो. जहाजे आणि किनाऱ्यालगतची मोजकी संशोधन केंद्रे यांच्या बळावर एवढ्या विस्तारावर नजर ठेवणे कधीच शक्य नव्हते. ध्रुवीय बर्फ किती आहे आणि किती घटतो आहे याबद्दल आज जे खात्रीने सांगता येते, त्यातले बहुतेक १९७० नंतरच्या उपग्रहांमुळे कळलेले आहे.

हे उपग्रह सहसा ७०० ते ८०० किमी. उंचीवरच्या ध्रुवीय कक्षेत फिरतात आणि दिवसाला सुमारे चौदा प्रदक्षिणा घालतात. विषुववृत्तावर स्थिर भासणाऱ्या भूस्थिर उपग्रहांना पृथ्वीच्या गोलाईमुळे ८१° अक्षांशापलीकडचे काहीच दिसत नाही. ध्रुवीय कक्षेतील उपग्रहाचे मार्ग मात्र ध्रुवांजवळ एकमेकांच्या निकट येतात, त्यामुळे तिथली निरीक्षणे उलट अधिक वेळा मिळतात. तरीही या कक्षा किंचित कललेल्या असल्याने नेमक्या ध्रुवाभोवती एक वर्तुळ रिकामे राहते. निंबस-७ या जुन्या उपग्रहाच्या नकाशांत ते ८४.५° उत्तरेपासून पुढे होते. २०१० मध्ये सोडलेला क्रायोसॅट-२ हा ८८° पर्यंत पोहोचतो.

साध्या छायाचित्रणाला इथे दोन अडथळे येतात. हिवाळ्यात सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही आणि उन्हाळ्यात ढग पाठ सोडत नाहीत. शिवाय ढगही पांढरे आणि बर्फही पांढरा. सुमारे १.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात हिम गडद आणि पाण्याच्या थेंबांचे ढग उजळ दिसतात, त्यामुळे दोघांतला फरक ओळखता येतो. अंधारावर मात खरी केली ती सूक्ष्मतरंगांनी (मायक्रोवेव्ह). प्रत्येक पृष्ठभाग क्षीण सूक्ष्मतरंग प्रारण बाहेर टाकत असतो आणि ते ढगांतून फारसे न अडता वर येते. समुद्रावरचा बर्फ पाण्यापेक्षा थंड असूनही असे प्रारण पाण्याहून बरेच जास्त सोडतो, म्हणून या नकाशात तो उजळ दिसतो. १९७२ च्या अखेरीस सोडलेल्या निंबस-५ ने याच पद्धतीने अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रातील हिवाळी बर्फाच्या मधोमध सुमारे अडीच लाख चौ. किमी.चे खुले पाणी दाखवले. ते १९७४ ते १९७६ असे तीन हिवाळे दिसले.

१९७८ च्या अखेरीपासून ही नोंद जवळपास अखंड आहे. उपग्रह बदलले, पण प्रत्येक नव्या उपकरणाची मापे जुन्याशी जुळवून घेतली गेली. या चिकाटीच्या कामाचे मोल फार मोठे आहे. आर्क्टिकमधील सप्टेंबरचा नीचांक दर दशकात सुमारे १२ टक्क्यांनी खाली येत असल्याचे आपल्याला या नोंदीमुळेच कळते. आजवरचा सर्वांत कमी विस्तार, सुमारे ३४ लाख चौ. किमी., २०१२ मध्ये नोंदला गेला. मात्र हा आकडा वाचताना जपावे लागते. नकाशाच्या ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ आहे ती संपूर्ण चौकट विस्तारात धरली जाते, आणि उन्हाळ्यात बर्फावर साचलेली वितळपाण्याची तळी उपकरणाला खुल्या समुद्रासारखीच भासतात.

उपग्रहावरचे कोणतेही उपकरण बर्फाची जाडी थेट मोजत नाही. त्याच्या हाती लागतो तो लहर जाऊन परत येण्याचा वेळ. तिथून बर्फापर्यंत पोहोचण्याचा हिशेब हा या शाखेतला सर्वांत कठीण आणि सर्वांत रंजक भाग आहे. तरंगत्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्यावर असतो. दोन मीटर जाडीची लादी सुमारे वीस सेंमी. वर डोकावते. क्रायोसॅट-२ चा रडार लादीची आणि शेजारच्या भेगेतील पाण्याची उंची मोजतो आणि दोहोंतील फरकावरून जाडी काढली जाते. म्हणजे वर पाच सेंमी.ची चूक झाली, तर जाडीत सुमारे अर्ध्या मीटरची चूक होते. त्यात लादीवर भुसभुशीत हिमाचा थर असतो. तो लादीला खाली दाबतो आणि रडारची लहर त्यातून पूर्ण आरपार जाते की मध्येच परतते, हे हिमाच्या ओलसरपणावर व खारटपणावर ठरते. २०१८ मध्ये सोडलेल्या आइससॅट-२ वरील हिरवा लेसर, सेकंदाला दहा हजार स्पंदे सोडणारा, हिमाच्या माथ्यावरूनच परततो. लेसर आणि रडार यांच्या उंचीतील फरक म्हणजेच हिमाची जाडी, असा तर्क धरून २०२० मध्ये क्रायोसॅट-२ ची कक्षा थोडी उंचावण्यात आली, जेणेकरून दोघांचे मार्ग ठरावीक काळाने एकमेकांवर यावेत.

जमिनीवरील हिमचादरींसाठी, म्हणजे खंडभर पसरलेल्या जाड बर्फाच्या थरांसाठी, आणखी एक वाट आहे, ती म्हणजे गुरुत्वाकर्षणाची. २००२ ते २०१७ या काळात कार्यरत असलेल्या ग्रेस मोहिमेतील दोन उपग्रह सुमारे २२० किमी. अंतर राखून एकामागून एक फिरत. खालच्या वस्तुमानानुसार त्यांच्यातले अंतर सूक्ष्म प्रमाणात बदले आणि त्या बदलातून ग्रीनलंडचा बर्फ वर्षाला सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक घटत असल्याचे निघाले. २०१८ पासून तिची उत्तराधिकारी मोहीम हे काम पाहते. इथेही अडचण आहेच: गेल्या हिमयुगातील ओझे उतरल्यामुळे जमीन अजून वर येत आहे आणि तो परिणाम वजा करावा लागतो. अंटार्क्टिकाच्या बाबतीत ही वजाबाकी विशेष अवघड ठरते.

बर्फाच्या हालचालीसाठी सिंथेटिक ॲपर्चर रडार, म्हणजे उपग्रहाच्या गतीचा उपयोग करून बारीक तपशिलाची प्रतिमा घेणारा रडार, वापरतात. १९९७ मध्ये रडारसॅट-१ ला वळवून त्याची नजर दक्षिणेकडे केली गेली आणि अंटार्क्टिकाचा पहिला संपूर्ण, बारकाईचा रडार नकाशा तयार झाला. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकातील लार्सन सी या आइस शेल्फपासून (जमिनीवरील बर्फाला जोडलेल्या, समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फापासून) सुमारे ५,८०० चौ. किमी.चा ए-६८ हा हिमनग सुटला, तो ऐन ध्रुवीय रात्रीत. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारमुळे ते लगेच कळले. रडार प्रतिमांच्या जोड्यांतून आणखी एक नाजूक गोष्ट दिसते. तरंगता आइस शेल्फ भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, पण खडकाला टेकलेला बर्फ हलत नाही. त्यामुळे दोघांच्या सीमेवर दाट पट्टे उमटतात. हिमनदी जमीन कुठे सोडते ते या पट्ट्यांवरून ठरते आणि ही सीमा मागे सरकणे हे हिमचादरीच्या अस्थिरतेचे मोठे लक्षण मानले जाते.

जीवसृष्टीच्या अभ्यासातही या प्रतिमा कामी आल्या आहेत. एम्परर पेंग्विनच्या विष्ठेचे तपकिरी डाग लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांत दिसतात हे २००९ मध्ये दाखवले गेले आणि त्यातून अनेक नव्या वसाहती सापडल्या.

हिमचादरीखालचा खडक मात्र उपग्रहांना दिसत नाही. त्यासाठी विमानातून रेडिओ लहरी सोडून तळावरून येणारा प्रतिध्वनी टिपतात. अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील व्होस्टोक सरोवराच्या शोधात दोन्ही साधने एकत्र आली: १९७० च्या दशकातील उड्डाणांनी सुमारे चार किमी. बर्फाखाली पाणी असल्याचे सुचवले आणि १९९० च्या दशकात ईआरएस-१ या उपग्रहाने वरचा पृष्ठभाग विलक्षण सपाट असल्याचे दाखवून सरोवराचा विस्तार स्पष्ट केला. जिथे उड्डाणरेषा विरळ आहेत, तिथे उपग्रहाने मोजलेल्या बर्फाच्या वेगावरून तळाची खोली गणिताने काढतात. पूर्व अंटार्क्टिकातील डेनमन हिमनदीखालची घळ समुद्रसपाटीखाली सुमारे ३,५०० मीटर खोल असल्याचे २०१९ मध्ये याच मार्गाने समजले.