जीपीएस रिसीव्हरचा पोर्ट शोधणे

संगणकाला जोडलेल्या जीपीएस रिसीव्हरची माहिती कोणत्या सिरियल पोर्टवर (माहिती एकामागून एक बिट अशी येणाऱ्या जोडणीवर) येते, हे ओळखण्याची पद्धत. सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट चुकीचा निवडला, की धडधाकट रिसीव्हरही बिघडल्यासारखा वाटतो.

आजचे बहुतेक रिसीव्हर यूएसबीचे असले, तरी संगणकाला ते सिरियल पोर्ट म्हणूनच दिसतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ या गटात ते सापडतात. तिथे ‘जीपीएस’ असे लिहिलेले असेलच असे नाही. बहुधा यूएसबीचे सिरियलमध्ये रूपांतर करणाऱ्या, प्रोलिफिकसारख्या कंपनीच्या चिपचे नाव असते. म्हणून यादी उघडी ठेवून केबल काढावी आणि पुन्हा लावावी. जो कॉम क्रमांक (विंडोजने पोर्टला दिलेला क्रमांक, जसे कॉम३) नाहीसा होऊन परत येतो, तो आपला. लिनक्समध्ये हाच पोर्ट ‘टीटीवाय-यूएसबी’ किंवा ‘टीटीवाय-एसीएम’ या नावाने येतो.

सापडलेला क्रमांक कायमचा समजू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या साध्या यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर केबलच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसेल, तर विंडोज यूएसबीच्या प्रत्येक खाचेला वेगळा कॉम क्रमांक देते. खाच ठरवून तिच्यावर खूण करणे उत्तम.

खरी खात्री मात्र टर्मिनल प्रोग्रामने (पोर्टवर येणारा मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या प्रोग्रामने) पोर्ट उघडल्यावरच होते. रिसीव्हर माहिती ज्या मजकुराच्या ओळींत पाठवतो, त्या एनएमईए ०१८३ या मानकाचा वेग ४८०० बॉड (इथे सेकंदाला ४८०० बिट) आहे. अनेक नवे रिसीव्हर ९६०० वर बोलतात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी धावू लागल्या, की पोर्ट बरोबर. अगम्य अक्षरे आली, तर बहुधा पोर्ट बरोबर असून वेग चुकलेला असतो. इथे पोर्ट बदलत बसणे व्यर्थ. गेटवे ऑफ इंडियापाशी या ओळींत साधारण १८५५.३ आणि ०७२५०.१ असे आकडे दिसतील: १८ अंश ५५.३ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५०.१ मिनिटे पूर्व.

या तपासणीसाठी गच्चीवर जायची गरज नाही. गिरगावातल्या चाळीच्या आतल्या खोलीत उपग्रह मिळाले नाहीत, तरी ओळी येतच राहतात; फक्त स्थानाचे रकाने रिकामे असतात. काहीच येत नसेल, तर दुसरा प्रोग्राम पोर्ट धरून बसला आहे का, ते पाहावे. विंडोजमध्ये एका वेळी एकालाच पोर्ट उघडता येतो.

एक अडचण नवख्याला फार छळते. रिसीव्हर जोडलेला ठेवून संगणक सुरू केला, तर विंडोज कधीकधी त्यालाच सिरियल माऊस समजते आणि कर्सर पडद्यावर सैरावैरा धावतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सिरियल बॉलपॉइंट’ ही त्या माऊसची नोंद काढून न टाकता डिसेबल करावी. काढून टाकल्यास ती पुन्हा उगवते.