दोन्ही दिवे हिरवे, तरी निम्मी बिलं अडकलेली

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये सर्व्हर नव्याने लावला, त्याची दोन नेटवर्क कार्डं दोन केबलींनी स्विचला (सगळी मशीनं जोडणाऱ्या डब्याला) जोडली आणि चारपैकी दोनच काउंटरवर बिलं निघू लागली. "भाऊ, दिवे तर दोन्ही हिरवे आहेत ना!" मुनीमजी म्हणाले. होतेच, दोन्ही कार्डांचे. केबल बदलून पाहिल्या, पोर्ट बदलले, फरक शून्य. घोळ असा होता की जुन्या सेटिंगमुळे स्विचने दोन्ही पोर्ट एकत्र बांधलेले आणि सर्व्हरवर मात्र 'एक चालू, एक राखीव' हा मोड. स्विच काही काउंटरांचा डेटा राखीव कार्डाकडे पाठवायचा आणि तिथे तो टाकून दिला जायचा.

या विसंवादाचं मूळ नव्वदच्या दशकात आहे. एक पोर्ट पुरेना म्हणून अनेक तारा मिळून एक वाट करायची युक्ती 'कल्पना' या कंपनीने इथरचॅनल नावाने आणली. 1994 साली सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली. लिनक्समध्ये हीच युक्ती 'बाँडिंग' नावाने डोनाल्ड बेकर यांच्या बेओवुल्फ क्लस्टरच्या (अनेक साधे संगणक जोडून केलेल्या यंत्रणेच्या) कामातून आली. विंडोजवर हेच काम, म्हणजे 'टीमिंग', नेटवर्क कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरमधून करावं लागे. ती सोय खुद्द विंडोजमध्ये आली सर्व्हर 2012 पासून. ज्याची त्याची रीत वेगळी, आणि एकाने काय ठरवलंय हे दुसऱ्याला कळायला मार्ग नाही.

तो मार्ग 2000 साली 802.3एडी या मानकाने दिला. त्यातल्या एलएसीपी या बोलणी करायच्या पद्धतीने सर्व्हर आणि स्विच एकमेकांना निरोप धाडतात, जुळलं तरच तारा एकत्र होतात. 2008 मध्ये हे मानक 802.1एएक्स झालं. पॅकेटांचा (डेटाच्या तुकड्यांचा) क्रम बिघडू नये म्हणून एका संवादाची सगळी पॅकेटं एकाच तारेवरून जातात, हेही त्यातच ठरलं. म्हणूनच एक-एक गिगाबिटच्या दोन कार्डांवर एकच मोठी फाइल कॉपी केली तर वेग एका कार्डाचाच मिळतो. 'टीमिंग चालत नाही' या कितीतरी तक्रारींमागे एवढंच असतं, आणि गिऱ्हाइकाला हे आधीच समजावून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मिलमध्ये सर्व्हर एलएसीपीवर घेतला आणि बाँडची स्थिती दाखवणारी फाइल उघडली. 'पार्टनर मॅक ॲड्रेस'पुढे (पलीकडच्या उपकरणाच्या पत्त्यापुढे) नुसती शून्यं. म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. स्विचवरचं चॅनल, म्हणजे बांधलेली पोर्टची जोडी, 'ऑन'वरून (न विचारता बांधणं) 'ॲक्टिव्ह' (एलएसीपीने बोलून बांधणं) केलं, फाइल पुन्हा उघडली. शून्यांच्या जागी स्विचचा पत्ता आलेला होता, आणि चौथ्या काउंटरचा प्रिंटर सुरू झाला.