मिनी मोटारीतील गिअरबॉक्स-बदल

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या मूळ मिनी (1959–2000) या मोटारीतील गिअरबॉक्स, अंतिम गिअर (गिअरबॉक्समधून चाकांकडे शक्ती देणारी शेवटची गिअरजोडी) आणि गिअर लिव्हरची सांधणी काढून त्या जागी नंतरच्या मॉडेलचे किंवा खास बनवून घेतलेले भाग बसवण्याची प्रथा. मूळ मिनीला मागे उघडणारे दार नसल्याने ती काटेकोर अर्थाने हॅचबॅक नव्हे. परंतु 1980 मध्ये आलेली ऑस्टिन मेट्रो ही हॅचबॅक त्याच इंजिन-गिअरबॉक्सवर चालते आणि बदलासाठी लागणारे बरेचसे भाग भंगारातल्या मेट्रोंमधूनच मिळत आले, म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनीचे इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) जागी ठेवला. दोघांना एकच ऑइल पुरते. गिअरचा झिजलेला कीस इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतो तो यामुळेच. क्लचकडून शक्ती खाली येते ती प्रायमरी, आयडलर आणि इनपुट अशा तीन गिअरांमधून. यांना एकत्रितपणे ड्रॉप गिअर म्हणतात.

यांपैकी आयडलर गिअर मूळ आराखड्यात नव्हता. सुरुवातीच्या नमुना गाड्यांत कार्ब्युरेटर (इंधन व हवा मिसळणारा भाग) पुढे, गाडीच्या तोंडावरील जाळीच्या बाजूला होता. उत्पादनाआधी इंजिन 180 अंशांत फिरवून कार्ब्युरेटर मागे नेण्यात आला आणि त्यामुळे चाके उलटी फिरू नयेत म्हणून मधला गिअर घालणे भाग पडले. इंजिन का फिरवले याबद्दल एकमत नाही. थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचत असे, हे कारण सर्वांत जास्त सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार खरी अडचण सिंक्रोमेशची, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचे वेग सारखे करणाऱ्या यंत्रणेची होती. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्स यांमधले अंतर दोनच गिअरांनी भरून काढायचे तर ते मोठ्या व्यासाचे हवेत. जाडी तीच ठेवून भरीव चकतीचा व्यास दुप्पट केला, तर तिचे फिरते जडत्व सोळा पट होते. क्लच दाबल्यावर सिंक्रोमेशच्या शंकूच्या आकाराच्या कड्यांना क्लच प्लेट, ड्रॉप गिअर आणि आतला काउंटर शाफ्ट या सर्वांचा वेग बदलावा लागतो. एवढ्या जडत्वापुढे ते लवकर झिजणार हे उघड आहे. तीन लहान गिअरांनी हा भार पुष्कळ हलका होतो. बर्फाचे कारण चुकीचे ठरवण्याची गरज नाही, पण गिअरबॉक्सचा पुढचा इतिहास पाहता दुसरे मत अधिक पटते. इंजिन फिरवल्याने डिस्ट्रिब्यूटर (ठिणगीसाठी वीज वाटणारा भाग) जाळीमागे आला आणि पावसात भिजू लागला, ही किंमतही नोंदवायला हवी.

आरंभीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. वरच्या तिन्हींसाठी बॉक रिंगची (वेग जुळेपर्यंत गिअर पडू न देणाऱ्या कड्याची) रचना सुमारे 1962 पासून आली, तर चारही गिअरांना सिंक्रोमेश 1968 मध्ये मिळाला. तीन-सिंक्रो गाडीत चार-सिंक्रो पेटी (गिअरबॉक्स) बसवणे हा या प्रथेतला बहुधा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत लाभदायक बदल आहे.

गिअर लिव्हरच्या सांधणीच्या तीन पिढ्या आहेत. पहिलीत लांब, वाकडा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये शिरतो. 1961 च्या कूपरमध्ये गिअरबॉक्सला मागे अ‍ॅल्युमिनियमचे लांब आवरण जोडून आखूड लिव्हर चालकाच्या हाताजवळ आणला गेला. याला रिमोट म्हणतात. 1973 च्या सुमारास रॉड-चेंज आला. त्यात एकच रॉड फिरतो आणि पुढेमागेही सरकतो, तर लिव्हरची पेटी रबराच्या आधाराने गाडीच्या तळाला टांगलेली असते. आवाज आणि कंप कमी झाले, पण सैलपणा वाढला. रॉड डिफरेन्शियलच्या (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाच्या) आवरणातून जेथे बाहेर येतो तेथील ऑइल सील गळणे हे या पिढीचे ठरलेले दुखणे आहे.

या सैलपणावर लिव्हरची हालचाल आखूड करणारे संच विकले जातात. लिव्हरच्या टेकूच्या वर-खालच्या लांबीचे प्रमाण बदलले की हात कमी फिरतो, मात्र त्याच प्रमाणात जोर जास्त लागतो आणि झिजलेल्या सिंक्रोमेशवर ताण वाढतो. आडवे इंजिन वेग घेताना व सोडताना पुढेमागे झुलते आणि रॉडलाही सोबत ओढते. म्हणून असा संच विकत घेण्याआधी इंजिन स्थिर ठेवणाऱ्या दांडीचे बुश, लिव्हरच्या पेटीखालची रबरे आणि रॉडच्या सांध्यातल्या पिना बदलून पाहणे शहाणपणाचे. पुष्कळदा तेवढेच पुरते.

एका पिढीची पेटी दुसऱ्या पिढीच्या गाडीत जशीच्या तशी बसत नाही. रॉड-चेंजचे आवरण वेगळे आहे, तळाच्या पत्र्यातील भोक वेगळ्या जागी लागते, आणि जुन्या गाड्यांतील रबर कपलिंगचे ड्राइव्ह शाफ्ट (चाकांकडे शक्ती नेणारे दांडे) नव्या पॉट-जॉइंट या धातूच्या सांध्याला जुळत नाहीत. इंजिन व गिअरबॉक्स एकत्रच उचलून बाहेर काढावे लागतात. जोडताना प्रायमरी गिअरची शाफ्टवरील पुढेमागे सैल सुमारे 0.09 ते 0.16 मिमी ठेवतात. आयडलरची सैलही वॉशर बदलून मोजूनच लावायची असते. हे टाळले तर ड्रॉप गिअर खडखडतात आणि आवरणातील बेअरिंग खराब होते.

अंतिम गिअरचा बदल गाडीचा स्वभाव सर्वांत जास्त पालटतो. 848 घसेंमी इंजिनाच्या मिनीत हे प्रमाण 3.765 होते, नंतरच्या गाड्यांत 3.44, 3.105 आणि अखेरच्या काळात 2.76 पर्यंत उतरले. 3.765 ऐवजी 3.105 बसवल्यास त्याच वेगाला इंजिनाचे मिनिटाला 4,000 ऐवजी सुमारे 3,300 फेरे पुरतात. 1,275 घसेंमी इंजिनाला ते सहज झेपते, लहान इंजिन मात्र चढावर दमते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधूनच निघत असल्याने तिचा गिअरही बदलावा लागतो, अन्यथा वेग चुकीचा दिसतो.

शर्यतीसाठी सरळ दातांचे ड्रॉप गिअर वापरतात. त्यांत बाजूचा दाब नसतो, पण आवाज मोठा असतो. त्याच आवरणात मावणारी पाच गिअरांची पेटी जॅक नाइट या ब्रिटिश कारखान्याने बनवली होती.